गाठ कुठे सोडायची?

१८७२ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फिनॉल आणि आल्डिहाइड एकत्र करून पाहिलं. त्या काळी नवा पदार्थ हाती लागला असं म्हणायला त्याचे स्वच्छ स्फटिक लागत, वितळणबिंदू लागे. इथे भांड्याच्या तळाशी जमली ती राळेसारखी चिकट घाण. ती वाळली की कशातच विरघळेना. बायर यांना तिच्यात रस नव्हता. त्यांनी तिची नोंद केली आणि ते आपल्या रंगद्रव्यांकडे वळले.

त्या घाणीची ओळख रसायनशास्त्र शिकलेल्या अनेकांना असते. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन ही प्रात्यक्षिकातली ठरलेली कृती आहे. फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल, फिनॉल आणि शेवटी जपून घातलेलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग द्रव अचानक गढुळतो, तापतो आणि गुलाबी गठ्ठा बीकरच्या तळाशी घट्ट बसतो. वहीत ‘उत्पादन: इतके ग्रॅम’ असं लिहिलं की विद्यार्थी सुटला. बायर खरा समजतो तो बीकर घासणाऱ्याला.

पस्तीस वर्षांनी, १९०७ मध्ये, लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या रसायनशास्त्रज्ञाने याच मिश्रणाला उष्णता आणि दाब देऊन साच्यात बसवलं. बेकलंड यांना आधी लाखेला पर्याय हवा होता. मिळाला तो पुन्हा न वितळणारा, वीज न वाहू देणारा, कुठल्याही द्रावकाला न बधणारा पदार्थ: बेकेलाइट. दिव्यांची बटणं, टेलिफोन, रेडिओची खोकी, भांड्यांच्या मुठी, सगळीकडे तो गेला. कंपनीने बोधचिन्हात अनंताची खूण घातली, कारण त्याचे उपयोग अनंत. आज ती खूण पाहताना माझ्या डोळ्यांपुढे उपयोग येत नाहीत, आयुष्य येतं. बायर यांनी ज्या गुणापायी पदार्थ बाजूला सारला तोच गुण बेकलंड यांनी विकला, आणि शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच गुणाशी अडलो आहोत.

प्लास्टिकच्या कचऱ्याबद्दल इतकं बोललं जातं, पण त्या बोलण्यात पिशव्या आणि बाटल्याच असतात. ते थर्मोप्लास्टिक. त्यांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या पण एकमेकींना बांधलेल्या नाहीत. तापवलं की साखळ्या घसरतात, वस्तू मऊ होते, नवा आकार घेते. बेकेलाइट ज्या वर्गातलं, त्या थर्मोसेटमध्ये मात्र साच्यात असतानाच या साखळ्यांमध्ये आडवे रासायनिक बंध तयार होतात आणि सगळ्यांचं मिळून एक त्रिमित जाळं होतं. तत्त्वतः बेकेलाइटची अख्खी मूठ हा एकच रेणू असतो. तापवलं तर तो मऊ पडत नाही; खूप तापवलं तर काळा पडतो, जळतो. भाजलेल्या मडक्याची पुन्हा चिखलमाती होत नाही, तशातली गत.

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. १ ते ६ हे सगळे आकडे थर्मोप्लास्टिकचे. थर्मोसेटला स्वतःचा आकडाच नाही. आकडा द्यायचीच वेळ आली तर ७, म्हणजे ‘इतर’. जगात तयार होणाऱ्या प्लास्टिकचा बराच मोठा वाटा असा ‘इतर’मध्ये लपलेला आहे: मोबाइलमधला हिरवा सर्किट बोर्ड, फर्निचरचं लॅमिनेट, प्लायवूडला धरून ठेवणारा गोंद, गादीतला फोम, मोटारीवरचा रंग, होड्या, पवनचक्क्यांची पाती. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन तंतू आणि रेझिनच्या संमिश्राचा आहे. टायरचं रबरही याच गोत्रातलं. तिथे आडवे बंध गंधकाचे असतात आणि ते जुळवण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना बेकलंड यांच्याही आधी, १८३९ मध्ये सापडली होती.

यातलं काहीच कचराकुंडीत सुटं पडत नाही, त्यामुळे नजरेत येत नाही. ते कशाच्या तरी आत, कशावर तरी, कशाला तरी चिकटलेलं असतं.

आज त्याचं होतं काय? बहुतेक वेळा पुरलं जातं किंवा जाळलं जातं. काही दळून भुकटी करतात आणि ती नव्या मालात भर म्हणून घालतात. काचतंतूचं संमिश्र सिमेंटच्या भट्टीत टाकायचीही पद्धत आहे. रेझिन इंधन म्हणून जळतं, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या खड्यांत, जाते. पर्यावरणवादी मंडळी या वाटेला नाकं मुरडतात, पण पुरण्यापेक्षा ती खचितच बरी. फक्त तिला पुनर्वापर म्हणताना जीभ अडखळते. ज्या रेणूंसाठी एवढा खटाटोप केला त्यांचा धूरच होतो.

रासायनिक पुनर्वापराची कल्पना वेगळी. जाळं जाळायचं नाही, त्याचे निवडक बंध तोडायचे आणि उरलेल्या तुकड्यांतून काहीतरी कामाचं घडवायचं. अडचण अशी की सगळे बंध सारखे नसतात. एस्टर बंध पाणी, अल्कली, अल्कोहोल यांच्यापुढे नमतो. गादीच्या फोममधला युरेथेन बंध त्याहून थोडा हट्टी. पाती-विमानांत वापरल्या जाणाऱ्या एपॉक्सी रेझिनमधले ईथर आणि कार्बन-नायट्रोजन बंध सहजी दाद देत नाहीत. कार्बन-कार्बन बंध तर बहुतेकांना पुरून उरतो. बेकेलाइटमध्ये फिनॉलची कडी कार्बनच्या पुलांनीच जोडलेली असतात, म्हणून या कुळातला सर्वांत म्हातारा सदस्य आजही सर्वांत चिवट आहे. जपानमध्ये त्याच्यावर एक गमतीचा उपाय निघाला: हे रेझिन प्रचंड तापमानाला आणि दाबाखाली फिनॉलमध्येच शिजवायचं. ज्या पदार्थापासून ते जन्मलं तोच त्याचा द्रावक. जाळ्याचे छोटे तुकडे होतात आणि ते पुन्हा रेझिन बनवण्याच्या कामी येतात.

पण मला सगळ्यांत जास्त आवडतो तो बाथटबचा किस्सा. तोही जपानचाच.

तिथे बाथटब मोठ्या प्रमाणावर काचतंतू आणि असंतृप्त पॉलिएस्टरचे बनतात. हे रेझिन दोन पायऱ्यांत जमतं. आधी ग्लायकोल आणि आम्लांची एस्टर साखळी, मग त्या साखळ्यांना आडवं जोडणारे स्टायरिनचे पूल. मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्स, म्हणजे नंतरची पॅनासॉनिक, या कंपनीच्या संशोधकांनी असं टाकाऊ संमिश्र २३० अंश सेल्सिअसच्या आसपास दाबाखालच्या पाण्यात, अल्कलीच्या सोबतीने शिजवलं. हे पाणी आपल्या ओळखीचं नव्हे. २५० अंशांना पाणी द्रवच ठेवायचं तर वातावरणाच्या सुमारे ४० पट दाब लागतो. अशा पाण्याचं स्वतःचं आयनीकरण कैक पटींनी वाढलेलं असतं आणि सेंद्रिय पदार्थ विरघळवण्याच्या बाबतीत ते ॲसिटोनसारख्या द्रावकाच्या जवळ जातं. एस्टर बंधांचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही.

आता गंमत बघा. एस्टर तुटले, ग्लायकोल परत मिळालं, काचतंतू सुटे झाले. स्टायरिनचे पूल मात्र कार्बन-कार्बन बंधांचे, ते तसेच राहिले. म्हणजे मूळ पॉलिएस्टर काही परत मिळालं नाही. मिळाला स्टायरिन आणि फ्युमरिक आम्ल यांचा एक सहबहुवारिक, म्हणजे दोघांची मिळून झालेली साखळी, जो त्या कारखान्यात कुणी मागितलेलाच नव्हता. अशा ठिकाणी प्रयोग फसला असं लिहून फाइल बंद होते. त्यांनी तसं केलं नाही. त्या पदार्थात थोडा बदल करून त्यांनी त्याचं एक पूरक द्रव्य बनवलं. पॉलिएस्टर साच्यात घट्ट होताना आकसतं, पृष्ठभाग खडबडीत होतो. हे पूरक ते आकसणं कमी करतं. जुन्या टबातून निघालेलं रेझिन नवा टब गुळगुळीत करायच्या कामाला लागलं.

यात मला एक शहाणपण दिसतं, आणि या विषयावरच्या बऱ्याच मोठमोठ्या घोषणांत नेमकं तेच दिसत नाही. पुनर्वापर म्हटलं की आपली अपेक्षा असते की वस्तू जिथून निघाली तिथे पोचली पाहिजे: बाटलीची बाटली, रेझिनचं रेझिन. थर्मोसेटच्या बाबतीत हा हट्ट महागात पडतो. जाळ्याचा प्रत्येक धागा सुटा करून मूळ घटक शुद्ध स्वरूपात काढायला लागणारी ऊर्जा, द्रावकं, उत्प्रेरक यांचा हिशेब मांडला की कित्येकदा नव्याने बनवणंच स्वस्त आणि स्वच्छ ठरतं. मुद्दा किती तोडलं हा नाही. कुठे तोडून थांबलं आणि उरलेल्याला काय काम दिलं, यावर सगळं आहे.

एपॉक्सीवरच्या दोन कामांत हा फरक लख्ख दिसतो. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या चमूने २०२३ मध्ये रुथेनियमच्या उत्प्रेरकाने एपॉक्सीतले कार्बन-ऑक्सिजन बंध नेमके हेरून तोडून दाखवले. टोल्युइन आणि आयसोप्रोपेनॉल या द्रावकांच्या मिश्रणात १६० अंशांना तुकडा ठेवायचा आणि वाट पाहायची. खऱ्या पवनचक्कीच्या पात्याचा तुकडाही त्यांनी घेतला. हाती आलं बिसफिनॉल ए, म्हणजे एपॉक्सीचा एक मूळ घटक, आणि शाबूत तंतू. रसायनशास्त्र म्हणून हे काम देखणंच आहे. एपॉक्सीचं कुलूप उघडतच नाही असं मानत आलेल्यांना ही किल्लीच मिळाली. पण रुथेनियम दुर्मीळ धातू आहे, प्रक्रियेचा वेळ तासांत नाही, दिवसांत मोजावा लागतो, आणि टोल्युइनच्या हौदात डझनावारी पाती बुडवण्याचं चित्र काही मला रंगवता येत नाही. संशोधकांनीही हे कारखान्यासाठी तयार आहे असा दावा केलेला नाही. तो बातम्यांच्या मथळ्यांनी केला.

दुसरं काम वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातलं, फारसं न गाजलेलं. तिथे झिंक क्लोराइड इथेनॉलमध्ये विरघळवून विमानांच्या दर्जाचं कार्बन-एपॉक्सी संमिश्र २०० अंशांच्या आत फोडलं. झिंक स्वस्त, इथेनॉल तुलनेने सौम्य. बंध तुटले ते मुख्यतः कार्बन-नायट्रोजनचे. मूळ घटक मिळाले नाहीत. मिळाले मध्यम लांबीचे तुकडे, ज्यांच्या टोकांवर रासायनिक क्रिया करू शकणारे गट शिल्लक होते. ते नव्या एपॉक्सीत घटक म्हणून मिसळले तर जाळ्यात सामावले जातात. अर्धवट तोडलेलं, अर्धवट परत. पैज लावायची तर मी या अर्धवटावर लावेन.

या सगळ्यात तंतू मात्र भाव खाऊन जातो. कार्बन तंतू बनवायला बहुवारिकाचे धागे हजार अंशांच्या वर भाजावे लागतात. एवढी ऊर्जा ओतलेला माल कुणी फेकणार नाही, म्हणून कार्बनचं संमिश्र फोडण्याला गिऱ्हाईक आहे. काचतंतू स्वस्त, आणि तापवला की कमकुवत होतो, त्यामुळे त्याला विचारणारं कुणी नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांत काचच जास्त. कुठला कचरा सुटणार हे रेझिनच्या बंधांपेक्षा त्याच्या शेजाऱ्याच्या किमतीवर ठरतं, हे मला थोडं अन्यायाचंच वाटतं.

पॉलियुरेथेनची गोष्ट आणखी वेगळी. १९३७ मध्ये ऑटो बायर यांनी ते शोधलं (आधीच्या बायर यांच्याशी घोळ नको). गादीतला फोम डायएथिलीन ग्लायकोलमध्ये २०० अंशांच्या आसपास तापवला की युरेथेन बंध अदलाबदल करतात आणि प्रमाण नीट साधलं तर थंड होताना दोन थर पडतात. वरचा बराचसा स्वच्छ पॉलिओल, म्हणजे फोमचा एक मूळ घटक, पुन्हा फोममध्ये जाण्याजोगा. खालचा थर गडद, त्यात ॲरोमॅटिक अमाइन असतात, त्यातले काही कर्करोगाच्या संशयितांच्या यादीतले. वरच्या थराचे फोटो छापले जातात. खालच्या थराचं काय करायचं यावर त्या उद्योगाचं यश ठरतं, आणि तिथे अजून बरंच काम बाकी आहे. २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विल्यम डिख्टेल यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली: फोम फोडायचाच नाही. त्यात उत्प्रेरक मुरवायचा आणि दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक तापवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, काढायचा. तापल्यावर बंध आपसांत जागा बदलतात, स्क्रू आतली हवा पिळून काढतो आणि बाहेर येतं भरीव, चिवट प्लास्टिक. फोमचा फोम झाला नाही, पण खालच्या थराचा प्रश्नही उरला नाही.

बंधांनी जागा बदलायच्या ही कल्पना थर्मोसेटच्या व्याख्येलाच धक्का देते. पॅरिसच्या ईएसपीसीआय संस्थेत लुडविक लाइब्लर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशी एपॉक्सी जाळी बनवली, जिच्यातले एस्टर बंध तापवल्यावर एकमेकांचे जोडीदार बदलतात. एक बंध सुटतो तेव्हाच दुसरा बांधला जातो, त्यामुळे बंधांची एकूण संख्या कायम राहते. जाळं कधीच विस्कटत नाही, तरी पदार्थ वाकवता येतो, जोडता येतो, तापलेल्या काचेसारखा हळूहळू वाहतो. त्यांनी या वर्गाला व्हिट्रिमर म्हटलं. पुढे असेच सर्किट बोर्डही बनवले गेले, द्रावकात फुगवून काच आणि घटक सुटे करता येतील असे.

इथून पुढे प्रश्न बदलतो. आधीच बनलेल्या कचऱ्याचं काय, यावरून तो नव्याने बनणाऱ्याला सुटण्याची सोय आधीच कशी ठेवायची, यावर येतो. एमआयटीत जेरेमाया जॉन्सन यांच्या गटाने २०२० मध्ये केलेलं काम वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. त्यांनी घेतलं पॉलिडायसायक्लोपेंटाडाइन. नाव भयंकर, पण ट्रक-बसच्या बाहेरच्या मोठ्या भागांत हे वापरलं जातं. त्यात रसायनाने सहज तुटणारे सिलिल ईथरचे दुवे घालायचे ठरलं. पण घालायचे कुठे? सरळ बुद्धी सांगते: आडव्या गाठींत, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या बंधांत. जाळं गाठींमुळे झालं आहे, गाठी सोडल्या की जाळं सुटेल. त्यांनी तसं करून पाहिलं तेव्हा जाळं जसंच्या तसं राहिलं. मग तेच दुवे गाठींमधल्या धाग्यांत पेरले, मिश्रणाच्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, आणि अख्खा पदार्थ विरघळणाऱ्या तुकड्यांत मोडला. कडकपणा, उष्णतेला टिकणं यांत फारसा फरक न पडता. ते तुकडे नव्या घाण्यात मिसळून पुन्हा तोच टणक पदार्थ करता आला.

गाठींना हात न लावता धागे कापायचे. प्रत्येक गाठ तशीच राहते, पण एका गाठीपासून दुसरीकडे जाणारी वाट तुटते, आणि ठरावीक प्रमाणाबाहेर वाटा तुटल्या की जाळं हे जाळं उरत नाही. गणितात हे आधी माहीत होतं. साच्यात, हातात धरता येईल अशा तुकड्यात ते दिसलं याचं मला अप्रूप वाटतं. शिवाय हे फारसं महागडं तत्त्व नाही. आहे त्याच कारखान्यात, आहे त्याच साच्यात, एका घटकाची भर.

बाजारात असं काही आलं आहे का? आलं आहे, थोडं. सीमेन्स गमेसा या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये ‘रीसायकलेबल ब्लेड’ आणलं. त्यातलं रेझिन आदित्य बिर्ला समूहाच्या रीसायक्लामिन तंत्राचं, ज्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या घटकात, सौम्य आम्लाने तुटणारे दुवे आहेत. पातं तापवलेल्या सौम्य आम्लात बुडवलं की रेझिन सुटतं आणि थर्मोप्लास्टिकच्या रूपात गोळा होतं. पुन्हा तेच: एपॉक्सीचं एपॉक्सी नाही, दुसरंच काहीतरी. २०२२ मध्ये जर्मनीच्या उत्तर समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात काही पवनचक्क्यांना अशी पाती बसवली गेली.

ती पाती वीस-पंचवीस वर्षं फिरतील. म्हणजे या रसायनशास्त्राची खरी परीक्षा २०४५च्या सुमारास. तोवर बसवलेल्या बाकीच्या लाखो पात्यांत सुटण्याची सोय नाही. त्यांच्यासाठी रुथेनियम, झिंक, दाबाखालचं तापलेलं पाणी किंवा सिमेंटची भट्टी. आणि ज्यांत सोय आहे तीही उतरवताना कुणाला तरी ठाऊक असावं लागेल की यातलं रेझिन आम्लाने सुटतं, त्या शेजारचं सुटत नाही. बाहेरून दोन्ही पांढरीच दिसतात. कारखाने आपल्या रेझिनची कृती गुपित ठेवतात, कंपन्या विकल्या जातात, कागद गहाळ होतात. थर्मोसेटला त्रिकोणात ७ हा आकडा पुरत नाही. कुठला बंध आहे, तो कशाने सुटतो आणि कुठे तुटतो, एवढं प्रत्येक वस्तूच्या अंगावर कायमचं कोरलेलं हवं. ते कोरायचं काम रसायनशास्त्राचं नाही, त्याला कायदाच लागेल. आणि माझ्या मते तो करायची वेळ आत्ता आहे, पाती खाली उतरायला लागल्यावर नाही.